हंड्यावरचं नाव

उसन्या पैशांच्या दाव्याचा निकाल माझ्या बाजूनं लागला, तरी दाजींकडनं एक रुपया सुटेना. शेवटी कोर्टाचा बेलीफ घेऊन उचगावात आक्काच्या दारात उभा राहिलो. आम्हाला बघून दाजी गाडीला किक मारून सटकले. आक्कानं दोघांनाही चहा दिला. "पावणं, काय जप्त करायचं ते तुम्ही दाखवा," बेलीफ जांभई देत म्हणाला. मी तांब्याचा हंडा दाखवला. त्यानं काठावरची कोरलेली अक्षरं वाचली: "चि. सुकुमारकडून आक्कास." आक्काच्या लग्नात मी लहान, तरी आईनं आहेराच्या भांड्यांवर माझंच नाव घातलं होतं. "बाईंचा आहेर न्हाय उचलता येत," बेलीफ म्हणाला. मग घागर, परात, पितळी डबे, सगळीकडं मीच. बेलीफ वैतागला. "दाजींचं म्हणून काय हाय का न्हाय ह्या घरात?" आक्कानं पदराला हात पुसले. "एकच हाय. मी. न्हेतोस, सुकुमार?"