बारा तासांचं आकाश

“नऊ हजार किलोमीटर म्हणजे थट्टा आहे का? बारा तास लागणारच. मधे कुठे थांबत नाही ना रे विमान?” एदुविहेस म्हातारीने फोनवर लेकाला विचारलं. “नाही ना? मग आता फोन बंद कर नि झोप काढ.”

फोन ठेवून तिने पुन्हा देवीपुढे हात जोडले. रोलांदो तीन वर्षांनी समुद्रापलीकडच्या माद्रिदहून घरी सांताक्रूझला येत होता, तोही कायमचा. तो उतरायच्या आत सगळं सुखरूप पार पडायला हवं होतं. तेवढं एकदा निभावून ने, असं ती पहाटेपासून देवीला विनवत होती.

दारात मिनीबस उभी होती. परदेशातून कुणी आलं की अख्खी गल्ली विमानतळावर लोटायची, हा रिवाजच. पण म्हातारीने या खेपेला कहर केला होता. आधी कोतोकाच्या देवीचा नवस फेडायचा, तिथेच जेवायचं नि संध्याकाळी थेट विमानतळ.

“विमान संध्याकाळी नि वरात सकाळपासून!” शेजारीण पेत्रोना कुरकुरली. “माझे गुडघे धरलेत बाई. मी आपली घरीच बसते.”

“बसतेस कशी? आज गल्लीत कुत्रंसुद्धा मागे राहायचं नाही. ऊठ, पुढची सीट तुझी.”

पुढची सीट म्हटल्यावर पेत्रोनाचे गुडघे लगेच बरे झाले. “आणि सूनबाई?”

“ती घरी. नवऱ्याला गरम भात नको का वाढायला?”

नेलिदा दारात उभी होती. चेहरा पांढराफटक.

“घाबरली बघा कशी, नव्या नवरीसारखी!” पेत्रोना हसली. “नशीबवान हो तू! दर तासाला फोन करतो, घर दाखव म्हणतो. मलाही विचारतो, बायको कुठे गेली, कोण येऊन गेलं. मी सगळं सांगते त्याला! फक्त या वेळी पडूबिडू नकोस. मागे तो आला तेव्हा हात मोडून घेतलास. धांदरट कुठली!”

म्हातारीने नेलिदाच्या गालावरून हात फिरवला. “भात करपवू नकोस गं,” म्हणाली आणि बसमध्ये चढली.

दिवस मजेत गेला. नवस फेडला, गाणी झाली, जेवणं झाली. म्हातारीच्या घशाखाली मात्र घास उतरेना. लेकाची ओढ, दुसरं काय, असं बायका म्हणाल्या.

संध्याकाळी विमान वेळेवर उतरलं. काचेमागे रोलांदो दिसला, तशी गल्लीने रंगीत कागदाचे तुकडे उधळायला सुरुवात केली. तेवढ्यात म्हातारीचा फोन वाजला. ती घोळक्यातून बाजूला झाली.

“आई, सीमेवरचा पूल ओलांडला,” नेलिदाला हुंदका आवरत नव्हता. “आर्जेंटिनात पोचले.”

“सुटलीस गं बाई!” म्हातारीचे डोळे घळाघळा वाहू लागले. “आता हा फोन नदीत फेक. कुठे राहतेस ते मलासुद्धा सांगू नकोस. आई आहे मी त्याची, कधी विरघळेन सांगता येत नाही.”