बसगाड्यांसाठी जागा

सकाळी आठला आर्डिस नायगार्ड राखीव कुरणाच्या फाटकाशी पोचली आणि गाडीचं दार उघडं टाकूनच धावली. पायवाटेच्या डाव्या अंगाचं पुरुषभर उंच गवत नाहीसं झालं होतं. अर्धा एकर जमीन गुडघाभर खोल खरवडून काढली होती. कडेला बुलडोझर उभा होता.

अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या त्या टापूत कधीच नांगर न लागलेली एवढीच जमीन उरली होती. बावीस वर्षं आर्डिस तिथे शाळेच्या मुलांना गवत शिकवत होती.

कुरणाचा संचालक क्रेग टॉलिव्हर कॉफी पीत कार्यालयातून बाहेर आला. "बसगाड्यांना जागा नको का? आणि गवतच आहे ते, आर्डिस. मागच्या बाजूला पेरू परत."

"गवत पेरशील रे. माती कुठून आणशील?"

"कुरणाच्या व्यवस्थापन मंडळाचा ठराव आहे."

"त्या मंडळातला एक तरी इथे कधी गुडघे टेकून बसलाय?"

"आवाज खाली. आता पाचवीची मुलं येतील. हसतमुखाने फिरव त्यांना."

बस आली आणि त्या उघड्या मातीवरच थांबली. आर्डिसने मुलांना पायवाटेने नेलंच नाही. खरवडलेल्या कडेशी बसवलं. तिथे तुटकी मुळं केसांसारखी लोंबत होती.

"एकेक मूळ धरा, आणि उकरत उकरत त्याच्या टोकापर्यंत जा."

मुलं उकरायला लागली. मनगट आत गेलं, मग कोपर. टोक कुणालाच सापडेना.

"तुमच्या खापरपणजोबांची बैलगाडी इथे आली, त्याच्याही आधीपासूनचं आहे हे."

दोन वेण्यांच्या एका मुलीने मान वर केली. "मग तोडलं कोणी?"

आर्डिसने क्रेगकडे बोट दाखवलं. "ते कॉफीवाले साहेब. त्यांना विचार. मोठ्याने विचार, त्यांना कमी ऐकू येतं."

मुलगी निघाली. मागोमाग सगळा वर्ग. चिखलाने भरलेले हात घेऊन मुलं क्रेगभोवती उभी राहिली.

"तुमच्यासाठीच केलं, बाळ," तो म्हणाला. "तुमची बस उभी राहावी म्हणून."

"आम्ही कुठे मागितलं होतं?"

क्रेगने आर्डिसकडे पाहिलं.

बसचा म्हातारा ड्रायव्हर दारात टेकून ऐकत होता. तो मुकाट्याने आपल्या जागेवर चढला, बस सुरू केली आणि उलटी घेत घेत पार रस्त्यावर नेऊन उभी केली.