नंबर न लावता

दवाखान्यातल्या कंपाउंडरला पेशंट 'मारुती' म्हणायचे, कारण नंबर लावल्याशिवाय तो मंत्र्यालाही डॉक्टरांच्या दारातून आत सोडायचा नाही. डॉक्टर घरी अंथरुणाला खिळले, तेव्हा त्याने आपलं स्टूल उचलून त्यांच्या खोलीच्या दारात मांडलं. "यमालासुद्धा नंबर लावावा लागेल," तो ऐटीत म्हणायचा. आज डॉक्टर म्हणाले, "माझा स्टेथोस्कोप दवाखान्यात राहिलाय, घेऊन ये." त्याने कपाटं उपसली, खण पालथे घातले आणि तो रिकाम्या हातांनी धापा टाकत परतला. डॉक्टर गेले होते. त्यांच्या बायकोने उशीखालून स्टेथोस्कोप काढला. "तू दारात असताना त्यांचा पाय निघेना. रामानेही अवतार संपवून जाताना, यमाला आत येता यावं म्हणून, दारातल्या मारुतीला अंगठी शोधायला पाताळात धाडलं होतं." "त्याला अंगठी तरी सापडली, वहिनी." तो स्टुलावर बसला. इतक्या वर्षांत एकच जण नंबर न लावता आत गेला, आणि तोही डॉक्टरांच्याच वशिल्याने.