रविवारची मंडळी

फोन वाजला तशी सुनेत्राबाईंनी आधी रिमोट उचलला आणि मग फोन. टीव्हीचा आवाज वाढवला, हातातला डाव रिकाम्या पातेल्यावर दोनदा आपटला आणि धापा टाकत म्हणाल्या, "हां वेद, बोल रे. व्हिडिओ नको, हात खरकटे आहेत. ही गर्दी झालीय घरात, एका कानात बोट घालून ऐकतेय तुझं!"

गर्दी टीव्हीतली होती. अमेरिकेतल्या नोव्हाय गावातल्या त्या चार बेडरूमच्या घरात त्या एकट्याच होत्या आणि ओट्यावर एका माणसापुरती साबुदाण्याची खिचडी निवत होती.

पूर्वी ही गर्दी खरी असे. दर रविवारी चार घरांनी एकेक पदार्थ आणायचा, असं पॉटलक सुनेत्राबाईंकडेच ठरलेलं. त्यांच्या यजमानांना, हेमचंद्रांना, विनोद कळायला वेळ लागे. सगळे हसून पुढच्या विषयाला लागले की यांची ट्यूब पेटायची आणि ते एकटेच हसत सुटायचे. मग त्यांच्या हसण्याला सगळे पुन्हा हसायचे. दोन वर्षांपूर्वी हेमचंद्र गेले. चारांतलं एक कुटुंब मुलाकडे टेक्सासला गेलं, एक कायमचं पुण्याला. उरलेली नैना राहते दहा मिनिटांवर, पण तिच्याकडे आता नव्या जोडप्यांचे पत्त्यांचे डाव रंगतात. त्यात एकटी बाई कुठे बसवायची, हे कुणी बोलून दाखवलं नाही. नुसतं बोलावणं थांबलं.

वेदला यातलं काही कळू द्यायचं नव्हतं. वडिलांच्या दिवसांना आला होता तेव्हा तो म्हणाला होता, "आई, तू अलोन राहणार असशील तर मी जॉब सोडून इथे येतो." लॉस एंजेलिसमध्ये सहा वर्षं मिळेल ते काम करून त्याला त्या विनोदी मालिकेत नोकरी लागली होती. पोराने एकदाच मनासारखं काही मिळवलं, आणि तेही आईपायी सोडायचं? सुनेत्राबाईंनी तिथल्या तिथे ठोकून दिलं, "एकटी कुठली? रविवारची मंडळी आहेत की!" तो निश्चिंत होऊन परत गेला, निदान त्यांना तसं वाटलं. जाताना त्याने बापाचं घड्याळ नेलं नाही की कोट नेला नाही. त्या रविवारांच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटींचा खोका तेवढा उचलला.

त्याची नोकरी नेमकी कसली, हे त्यांना धड ठाऊक नव्हतं. लोकांना त्या 'आवाजाचं इंजिनिअरिंग' असं सांगत. इंजिनिअरिंग म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही. मालिका मात्र नेमाने बघत, कारण शेवटी पोराचं नाव येई. इंग्रजी विनोद फार भरभर जात. यात हसायचं काय असतं, असं त्यांनी त्याला एकदा विचारलंही होतं.

"दारं बघ, आई," तो म्हणाला होता. "दाराआड काय चाललंय ते सगळ्यांना माहीत असतं. लपवणाऱ्याला वाटतं, कुणालाच माहीत नाही. दॅट्स द होल जोक."

आज लावलेला भाग तसलाच. नायकाने साहेबाला थाप मारलेली असते, आपलं लग्न झालंय म्हणून. साहेब जेवायला येतो, आणि नसलेली बायको कधी वर आहे, कधी अंगणात आहे, असं सांगता सांगता नायकाची तारांबळ उडते. सुनेत्राबाई जवळजवळ दर रविवारी हाच भाग लावत. त्यात हशा भरपूर होता. आणि का कोण जाणे, तो हशा त्यांना आपल्या घरातला वाटे.

"कोण कोण आलंय?" वेदने विचारलं.

"नेहमीचेच सगळे."

"नैना मावशीला दे ना फोन. हाय म्हणतो."

"ती... बाथरूममध्ये आहे."

"मग काकांना दे."

"ते गॅरेजमध्ये गेलेत, खुर्च्या आणायला. कमी पडल्या ना!"

बोलता बोलता त्यांनी गॅरेजच्या दाराकडे पाहिलंसुद्धा. क्षणभर वाटलं, खरंच कुणीतरी खुर्ची घेऊन आत येईल. दार बंदच होतं.

तिकडे टीव्हीत साहेबाने कपाटाला हात घातला.

"आई," वेद हळूच म्हणाला, "आता त्यातून इस्त्रीचं टेबल पडेल."

टेबल पडलं. एकच हशा उसळला. सुनेत्राबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला.

"अरे, ते... टीव्ही लावलाय मंडळींनी."

"हा एपिसोड मी केलाय, आई. ती हसणारी माणसं तिथे नसतातच. लाफ्टर मी टाकतो. तोच माझा जॉब आहे. आता एक मिनिट बोलू नकोस. ऐक."

हशा ओसरला. सगळे गप्प झाल्यावर मागून कुणीतरी एकटाच हसत सुटला.

सुनेत्राबाई टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"कॅसेटमधले बाबा," वेद म्हणाला. "मीच घातलेत."

त्यांनी टीव्ही बंद केला. घर एकदम शांत झालं. पदराने डोळे पुसत त्यांनी विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे रे?"

"हा एपिसोड तू लावलास, त्या पहिल्या संडेपासून. घरात खरंच माणसं असती ना आई, तर बाबा मला इतके क्लिअर ऐकू आले नसते."