बुजगावण्यासमोर अकरा मिनिटं

“अगं, हा तुझा गडी अडून बसलाय,” बाबा म्हणाले.

ती काही बोलली नाही. बोलायचं नसतंच. गेम खेळून पाहणाऱ्याच्या शेजारी बसायचं, तो कुठे दचकतो, कुठे कंटाळतो ते वहीत टिपायचं, आणि तो कितीही अडला तरी तोंड उघडायचं नाही, हा गेम बनवणाऱ्यांच्या कामातला पहिला नियम. एकदा मदत केली की चाचणी वाया.

सकाळचे नऊ वाजले होते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप होता आणि त्याच्या बाजूला बाबांचा चहा निवत होता. पडद्यावरचा टोपीवाला गडी फळ्यांवरून उड्या मारत शेवटच्या दालनात पोचला होता. समोर बुजगावणं उभं होतं. ते तिनेच उभं केलेलं. मोठ्या राक्षसाचं चित्र काढणारा माणूस अर्ध्यावर नोकरी सोडून गेला, तेव्हा तिने गेममध्येच इकडेतिकडे पडलेल्या वस्तू गोळा केल्या. डोक्याला बादली, हातांना दोन पोछे, अंगाला फाटका पडदा. खेळणारा त्या बादलीशी झुंजत बसतो आणि खरा राक्षस, मांजराएवढा, त्याच्या पाठीमागून येतो. साहेबांना कल्पना पसंत पडली होती. पण बादलीला कुणी घाबरलं नाही तर हे दालन गेममधून जाईल, आणि दालनाबरोबर तूही, असं त्यांनी हसत हसत बजावलं होतं. त्या हसण्याने आठवडाभर तिची झोप उडवली होती. त्या सकाळी तिला एकच धास्ती होती. बाबा हसतील.

बाबा हसले नाहीत. टोपीवाला जागच्या जागी उड्या मारत राहिला. पुढे सरकेना, मागे हटेना. बुजगावणं डुलत होतं, पोछे आपटत होतं. बाबांच्या कपाळावर घाम आला. तीस वर्षं त्यांनी लोकांना गाडी चालवायला शिकवलं होतं. घाबरलेल्या माणसाच्या शेजारी बसणं हाच त्यांचा धंदा.

“माझ्या पायाखाली निदान जादा ब्रेक असायचा,” ते म्हणाले. “तू नुसती लिहीत बसतेस.”

तिने ओठ आवळून हसू दाबलं आणि वहीत लिहिलं, जाम घाबरले.

मग बाबाच म्हणाले, की पुरे झालं, आता जरा पडतो. तिने लॅपटॉप मिटला, पिशवी उचलली आणि घाईघाईने चपला चढवल्या. कामावर पोचेपर्यंत ती मनातल्या मनात नाचत होती.

संध्याकाळी भाऊ घरी आला तेव्हा बाबा पलंगाजवळ जमिनीवर होते. मेंदूत रक्ताची गुठळी. डॉक्टरांनी विचारलं, नक्की कधी सुरू झालं, कारण अशा दुखण्यात एकेक तास मोलाचा असतो. ती म्हणाली, मी निघाले तेव्हा ठीक होते. तिसऱ्या दिवशी बाबा गेले. भावाने तेच दवाखान्याच्या जिन्यात विचारलं, आणि बाबांचे शर्ट घड्या करून खोक्यात भरताना पुन्हा एकदा. दोन्ही वेळा तिने तेच उत्तर दिलं. ते तिला खरंच वाटत होतं. तरी ती वही तिने खणाच्या तळाशी सारली, आणि त्या सकाळच्या चाचणीचं, कामावर आपोआप जमा झालेलं रेकॉर्डिंग उघडायला तिचा हात धजला नाही.

महिन्याभराने बैठक होती. सगळ्या चाचण्यांतली सगळ्यांत जबरदस्त आपण शोधून काढली आहे, असं साहेबांनी जाहीर केलं. खेळणाऱ्यांना नावं नसतात, आकडे असतात. चौदा नंबर, साहेब म्हणाले. बाबांना तिनेच दिलेला आकडा. बाहेर जाता आलं असतं. दार दोन पावलांवर होतं. तोवर कुणीतरी दिवे मालवले.

भिंतीवर बुजगावणं डुलू लागलं. टोपीवाला उड्या मारू लागला. आवाज नव्हता, कारण रेकॉर्डिंगमध्ये फक्त पडदा येतो, आणि खालच्या कोपऱ्यात दोन चौकोन. डाव्या हाताने चालायचं, उजव्याने उडी मारायची. ज्या हाताचं बटण दाबलं जाईल त्याचा चौकोन उजळतो. खोलीतले आठही जण बादलीकडे बघत होते. ती मात्र कोपऱ्याकडे बघत राहिली.

उजवा चौकोन लुकलुकत होता. डावा एकदा उजळला, मग अर्धवट उजळला, मग विझला. एक मिनिट. तीन मिनिटं. उजवा लुकलुकतच होता. डावा पुन्हा उजळला नाही.

“बिचाऱ्याची पार गाळण उडालीय,” गेमचं संगीत करणारा म्हणाला. कुणीतरी म्हणालं, पाय लटपटत असतील त्याचे. सगळे खो खो हसले. अकरा मिनिटं, साहेब म्हणाले, एका बादलीपुढे अकरा मिनिटं, याहून मोठा पुरावा काय हवा? दालन राहील. त्यांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या, आणि दिवे लागले.

आता नुसतं थँक्यू म्हणायचं होतं. कोपऱ्याकडे कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं. भाऊ हे रेकॉर्डिंग कधी बघणार नव्हता. ती गप्प राहिली असती तर हे जन्मभर तिच्याजवळच राहिलं असतं.

“कोण गं हा चौदा नंबर?” साहेबांनी सहज विचारलं.

ती उठून उभी राहिली. तिने टेबलाची कड धरली.

“माझे वडील,” ती म्हणाली. “ते घाबरले नव्हते. त्यांचा डावा हात गेला होता. मी शेजारीच बसले होते.”