झटपट बाइंडिंग

मागच्या हिवाळ्यात जपानच्या डोंगरावर अनघा बर्फात बसून स्नोबोर्डचे पट्टे आवळत होती, तेव्हा तिचा नवरा क्षितिज मित्रांसमोर हसत म्हणाला होता, "तू ये सावकाश, आम्ही होतो पुढे." ते तिच्या अगदी जिव्हारी लागलं.

यंदा तिने बूट बोर्डला जखडणारं झटपट बाइंडिंग घेतलं. एकदा बुटाच्या मापाने पट्टा बसवून घेतला, की पुढे नुसती त्याची टाचेमागची पाठ मागे पाडायची, पाय आत सारायचा आणि खटका ओढायचा. सिंगापूरच्या उकाड्यात, सेरंगूनच्या फ्लॅटमध्ये जाडजूड बूट चढवून ती रोज गालिच्यावर सराव करायची.

तिचं बघून क्षितिजनेही तसंच मागवलं. "यात सराव कसला करायचा?" म्हणत त्याने बोर्डवर दोन्ही पाय अडकवले आणि हॉलमध्येच उडी मारली. नेमका त्याच दिवशी अनघाने गालिचा धुवायला दिला होता.

आता प्लास्टरमधला पाय टीपॉयवर ठेवून तो काकुळतीला आला. "अगं, जपानची तिकिटं पुढे ढकलू या ना. एकटी जाणार आहेस का?"

"एकटी कशाला? तुझे मित्र आहेत ना." अनघाने बॅगेची चेन ओढली. "तू ये सावकाश, आम्ही होतो पुढे."