निळी चिकटपट्टी

अकरा हिवाळे आमची गाडी बर्फात उभी राहिली, कारण गॅरेजमध्ये माझा नवरा ऑरिन विमान बांधत होता. आज उडायच्या आधी मी म्हटलं, "अरे, पंखाखालच्या नळीच्या तोंडावर रंगकामाची निळी चिकटपट्टी राहिलीय." "विमान मी बांधलंय की तू? हात लावू नकोस, बस गुपचूप!" पेट्रोलच्या टाकीत हवा फक्त त्याच नळीतून शिरते. उडाल्यावर चार मिनिटांत पेट्रोल यायचं थांबलं, इंजिन बंद पडलं आणि आम्ही खालच्या सोयाबीनमध्ये आदळलो. माझा पाय मोडला. ऑरिननं उतरून आधी दोन्ही पंख चाचपले, मग ती पट्टी ओरबाडून काढली. ट्रॅक्टर सोडून शेतमालक लायल धावत आला. "काय झालं रे?" ऑरिननं पट्टी माझ्या मांडीवर भिरकावली. "हिला एकच काम सांगितलं होतं." माझ्याकडे बघत लायल हळहळला, "अकरा वर्षांची मेहनत होती गं त्याची!"